अकेडियन पूर्वज शोधताना: आजपासून १६३६ पर्यंत मागे कसं जायचं

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांत लब्लां, बूद्रो, कोर्मिए, एबेर अशी आडनावं आता जावयाच्या नाहीतर सुनेच्या बाजूने येऊ लागली आहेत. नातवंडांसाठी वंशवृक्ष काढायला बसलं की व्याही सहज सांगून जातात, "आम्ही मूळचे अकेडियन." हे अकेडियन कोण आणि त्यांचा माग कसा काढायचा, ते इथे अगदी नवख्यासाठी क्रमाने लिहितो आहे. फ्रेंच येत नसलं तरी चालेल. नोंदी ठरावीक साच्यातल्या असतात आणि दहा-पंधरा शब्दांवर बरंच काम भागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अकेडिया ही उत्तर अमेरिकेतली फ्रेंच वसाहत होती. आजचे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड हे कॅनडाचे प्रांत म्हणजे ढोबळमानाने तो मुलूख. पोर रॉयाल हे ठाणं १६०५ मध्ये बसलं, पण बायकामुलांसह शेतकरी येऊन राहू लागले ते १६३२ नंतर. १७१० मध्ये ब्रिटिशांनी पोर रॉयाल घेतलं आणि त्याचं नाव अॅनापोलिस रॉयल ठेवलं. १७१३ च्या यूट्रेक्टच्या तहाने मुख्य भूभाग कायमचा त्यांच्याकडे गेला. पुढे १७५५ पासून ब्रिटिशांनी या शेतकऱ्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं, त्यांची घरं जाळली. ही धरपकड १७६३ पर्यंत चालू होती.

माणसं पांगली तसे कागदही पांगले. काही ओटावात आहेत, काही बॉस्टनमध्ये, काही दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सच्या वसाहत दप्तरखान्यात, काही लुइझियानात आणि काही चक्क स्पेनमधल्या सेव्हियाला. म्हणून "अकेडियन रेकॉर्ड" असं टाकून शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्या माणसाला त्या वर्षी कोण मोजत होतं, कोण पोसत होतं आणि कोण हाकलत होतं, हे आधी ठरवायचं. त्याचा कागद त्याच सरकारच्या दप्तरात असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

सुरुवात घरातूनच

आजी-आजोबांपासून मागे जा. थेट १६७१ च्या एखाद्या लब्लांपासून खाली यायचा मोह होतो, तो टाळा. त्या एका घराण्याचे वंशज आज इतके आहेत की वरून खाली येताना कोणाच्या तरी भलत्याच फांदीवर जाऊन बसाल. घरातली बायबलं, मृत्युपत्रं, चर्चची प्रमाणपत्रं, थडग्यावरच्या तारखा असं सगळं जमवा आणि १९०० पर्यंतची साखळी पक्की करा. हे काम कंटाळवाणं असलं तरी सोपं आहे. १८०० च्या आसपास पोचेपर्यंत कॅनडा-अमेरिकेच्या जनगणना आणि चर्चच्या वह्या पुरतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर यातलं पुष्कळसं फुकट दिसतं, फक्त खातं उघडावं लागतं.

मागे जाताना भर द्यायचा तो लग्नाच्या नोंदीवर. बाप्तिस्म्याच्या नोंदीतून एक पिढी हाती येते. कॅथलिक लग्नाच्या नोंदीत वधूवरांसोबत दोघांचे आईवडील, बहुधा त्यांचं गाव आणि साक्षीदारही येतात. शिवाय फ्रेंच पाद्री बाईची नोंद मरेपर्यंत तिच्या माहेरच्या आडनावाने करतो, त्यामुळे आईची बाजू बापाच्या बाजूइतकीच नीट सापडते. वसई-गोव्याकडच्या वाचकांना या वह्या ओळखीच्या वाटतील, कारण लग्न-बाप्तिस्म्याची वही ठेवण्याचा सोळाव्या शतकातल्या ट्रेंट धर्मपरिषदेचा नियम दोन्हीकडे एकच.

काही शब्द तेवढे ओळखता आले पाहिजेत. "फीस द" म्हणजे अमक्याचा मुलगा, "फीय द" म्हणजे मुलगी, "व्हव्ह" म्हणजे विधवा. "पारँ" आणि "मारेन" हे धर्मपिता आणि धर्ममाता. हे दोघं बहुतेक वेळा आत्या, काका, मामा यांपैकीच असतात, त्यामुळे त्यांचीही नावं उतरवून घ्या. नावाआधी "फ्यू" आलं तर ते आपलं "कै." समजायचं. लग्नाच्या नोंदीत वधूच्या वडिलांमागे "फ्यू" असेल तर त्यांची दफनाची नोंद त्या तारखेच्या आधी शोधायची. एवढ्याशा शब्दाने शोधाची वीसेक वर्षं वाचतात.

आडनाव जसं ऐकू आलं तसं लिहिलं

बूद्रो, तेरियो, गोत्रो ही आडनावं जुन्या नोंदींत एका स्पेलिंगने येतात आणि लुइझियानात शेवटी लांबलचक अक्षरं लावून येतात. घराणं मात्र एकच. इंग्रजी मुलखात तर भाषांतरच झालं: काही लब्लां व्हाइट झाले. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर प्वारिएंचे पेरी झाले आणि ओक्वॅंचे वेज. त्यात टोपणनावांची भर. नोंदीत आडनावानंतर "दी" येऊन दुसरं नाव आलं की ते त्या शाखेचं ओळखनाव असतं. मेलांसों दी लाव्हर्द्यूर हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. पुढच्या पिढीत कधी मूळ आडनाव गळून पडतं आणि हे टोपणनावच उरतं. संगणकावर शोधताना आडनावाची निदान चार रूपं टाकून पाहा, आणि तरी नाही सापडलं तर आडनाव सोडून गाव आणि बायकोचं नाव टाका.

१७५५ ते १७८५: सगळ्यात अवघड तीस वर्षं

नवखे लोक हमखास इथे अडकतात. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां प्रे या अकेडियन गावच्या चर्चमध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या कर्नल जॉन विन्स्लोने ४१८ पुरुषांना बोलावून घेतलं आणि हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवला. पुढे त्यांना जहाजांवर चढवलं, पण प्रवाशांच्या नावानिशी याद्या केल्या नाहीत. कुठल्या जहाजावर किती माणसं चढली, एवढेच आकडे. तेव्हा "आमचे पूर्वज अमक्या जहाजातून गेले" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर कागद मागा. विन्स्लोच्या रोजनाम्यात मात्र ग्रां प्रेच्या परिसरातल्या कुटुंबप्रमुखांची यादी आहे. गाव, मुलगे किती, मुली किती, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं, घोडे किती, असे रकाने आहेत. बायकामुलांची नावं नाहीत. तरी त्या वर्षी तो माणूस जिवंत होता आणि कुठल्या वाडीत राहत होता, हे त्यातून कळतं. हा रोजनामा नोव्हा स्कोशियाच्या इतिहास मंडळाने छापला आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हद्दपारांना थेट लुइझियानात सोडलं नव्हतं. १७५५ ची जहाजं मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया, कॅरोलिना आणि जॉर्जिया या ब्रिटिश वसाहतींत गेली. तुमची शाखा पुढे कुठे सापडते, त्यावरून मधला मुक्काम ताडायचा.

मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्यांचे कागद उत्तम आहेत. तिथल्या राज्य दप्तरखान्याच्या जुन्या संग्रहातले २३ आणि २४ हे खंड "फ्रेंच तटस्थ" या नावाखाली फक्त याच लोकांचे आहेत. कुटुंबं गावागावांत वाटून दिली होती आणि गावचे कारभारी अन्न, सरपण, घरभाडं यांची बिलं सरकारकडे पाठवत. त्या बिलांत नावं आणि वयं येतात. मुलं काढून दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवली म्हणून आईबापांनी केलेले तक्रारअर्जही त्यातच आहेत. बिल वाचायला रुक्ष वाटतं, पण वंशवृक्षासाठी त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही: पैसे उकळायचे असल्यामुळे कारभारी कुठलं पोर विसरत नाही.

तिथून बरीच कुटुंबं १७६६ च्या सुमाराला क्वेबेककडे गेली. ही शाखा असेल तर बेकांकूर, निकोले, लासोंप्सियों, सॅं-झाक अशा गावांच्या चर्चच्या वह्या पाहा. वनवासाच्या दहा वर्षांत कॅथलिक पाद्री नव्हता, त्यामुळे लग्नं साक्षीदारांसमोर झालेली आणि पोरांचे बाप्तिस्मे घरच्या घरी उरकलेले. क्वेबेकला पोचल्यावर पाद्रीने ती लग्नं विधिवत करून घेतली आणि पोरांच्या बाप्तिस्म्याचे राहिलेले विधी केले. म्हणून १७६७ च्या "लग्ना"च्या नोंदीत आठ वर्षांचं मूल दिसलं तर दचकू नका.

मेरीलँडमध्ये १७६३ साली अकेडियन कुटुंबांच्या नावानिशी याद्या झाल्या. तिथली बरीच मंडळी १७६६ ते १७६८ मध्ये लुइझियानात उतरली. जोसेफ ब्रूसार उर्फ बोसोलेय या अकेडियन पुढाऱ्याचा सुमारे २०० जणांचा गट त्याआधी, १७६५ च्या सुरुवातीला, हॅलिफॅक्सहून कॅरिबियन बेटांमार्गे पोचला होता. तोवर लुइझियाना कागदोपत्री स्पेनची झाली होती, म्हणून तिथल्या शिरगणत्या आणि लष्करी याद्या स्पॅनिशमध्ये मिळतात आणि मूळ कागद सेव्हियाला.

व्हर्जिनियाने आपल्या वाट्याची माणसं घ्यायचं नाकारलं. ती इंग्लंडला पाठवली गेली, तिथे बंदरांत अडकून पडली आणि १७६३ मध्ये फ्रान्सला पोचली. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या लोकांना १७५८ मध्ये थेट फ्रान्सकडे धाडलं. त्यातली ड्यूक विल्यम आणि व्हायोलेट ही दोन जहाजं डिसेंबरात बुडाली. जी फ्रान्समधल्या सॅं-मालो बंदराला पोचली त्यांच्या याद्यांत मात्र नावं आहेत आणि वाटेत कोण दगावलं, उतरल्यावर इस्पितळात कोण गेलं, हेही. फ्रेंच सरकार या निर्वासितांना माणशी रोज सहा सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) भत्ता देई, त्यामुळे पुढच्या वीसेक वर्षांच्या भत्त्याच्या याद्या तयार झाल्या. शेवटी १७८५ मध्ये सात जहाजांतून सुमारे १,६०० जण फ्रान्सहून लुइझियानात गेले. या जहाजांच्या कुटुंबवार याद्या उपलब्ध आहेत. लुइझियानातल्या कुठल्याही अकेडियन घराण्यासाठी त्या आधी चाळाव्यात.

फ्रान्सच्या या शाखेतलं सगळ्यात मोठं घबाड म्हणजे बेल-ईलचे जबाब. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या या बेटावर ७८ अकेडियन कुटुंबं वसवली होती. १७६७ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाला बसवून पाद्रीने आणि अधिकाऱ्यांनी त्याची वंशावळ लिहून घेतली: बाप, आजा, पणजा, फ्रान्सहून आलेला पहिला पुरुष, कोणाचं लग्न कुठे झालं, भावंडं आता कुठे आहेत. अकेडियातल्या कितीतरी वह्या नष्ट झाल्यामुळे काही घराण्यांची मधली पिढी फक्त या जबाबांत उरली आहे. पण जबाब तोंडी आहेत. बाप-आजापर्यंत ते भरवशाचे, पणजाच्या वर "असं ऐकलंय" या जातीचे. दुसरा कागद जुळेपर्यंत त्यावर पेन्सिलनेच खूण करा.

१७५५ च्या आधीच्या चर्चच्या वह्या

इथे गाव माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण कुठली वही वाचली हे गावावर ठरतं. अॅनापोलिस रॉयलच्या सॅं-झां-बातिस्त चर्चच्या १७०२ ते १७५५ च्या वह्या नोव्हा स्कोशिया दप्तरखान्याने मूळ पानांच्या छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. नाव टाकून शोधता येतं आणि पैसे पडत नाहीत. सराव करायला हीच वही घ्या. ग्रां प्रेच्या १७०७ ते १७४८ च्या वह्या हद्दपार झालेल्यांनी बरोबर नेल्या. त्या लुइझियानातल्या सेंट गेब्रियलला पोचल्या आणि आता बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहेत. बोबासॅंच्या वह्या तुटक आहेत. त्यातला १७१२ ते १७४८ मधला भाग फ्रान्समध्ये ला रोशेलच्या जिल्हा दप्तरात आहे. केप ब्रेटन बेटावरच्या लुईबुर या फ्रेंच किल्ल्याच्या वह्या, कोर्टाचे कागद आणि नोटरीचे लग्नकरार एक्स-आं-प्रोव्हान्सला आहेत. कोबेकी आणि रिव्हिएर-ओ-कानार या गावांच्या वह्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

वही नसलेल्या गावातली शाखा असेल तर? मग सवलतींकडे वळायचं. छोट्याशा वस्तीत सगळेच एकमेकांचे नातेवाईक, आणि चर्चला चौथ्या पायरीपर्यंतचं नातं लग्नाला चालत नसे. तसं नातं निघालं तर पाद्री सवलत देई आणि लग्नाच्या नोंदीत पायरी लिहून ठेवी. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी एक. "तिसरी-चौथी" असं लिहिलं असेल तर एकाचे पणजोबा ते दुसऱ्याचे खापरपणजोबा. आता वधूच्या आईचे आईबाप माहीत नाहीत, पण वराच्या आठही पणजोबा-पणजींची नावं हाताशी आहेत आणि नोंदीत तिसरी पायरी आहे, असं समजा. वधूची माहीत असलेली बाजू एकेक करून बाद करत गेलं की उरलेली जोडी बहुधा एकच निघते. मोठ्या कागदावर दोन्ही झाडं समोरासमोर काढून हे करा, संगणकावर गोंधळ होतो. आणि सवलत "कोंसांग्विनिते"ची, म्हणजे रक्ताच्या नात्याची, आहे की "आफिनिते"ची, हे आधी बघा. दुसरी असेल तर ते नातं आधीच्या, वारलेल्या जोडीदाराकडून आलेलं असतं.

तारखांचीही एक भानगड आहे. फ्रेंच पाद्री आजचंच कॅलेंडर वापरत होते. ब्रिटिश मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर पाळत, जे अठराव्या शतकात ११ दिवस मागे होतं, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. अॅनापोलिसच्या ब्रिटिश कागदातली १० फेब्रुवारी १७३० म्हणजे फ्रेंच वहीतली २१ फेब्रुवारी १७३१. मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसलं तर कोणाच्या चारित्र्यावर घसरण्याआधी तारीख कोणी लिहिली ते पाहा.

शिरगणत्या

वह्यांच्याही आधीच्या काळासाठी फ्रेंच सरकारच्या शिरगणत्या आहेत: १६७१, १६८६, १६९३, १६९८, १७००, १७०१, १७०३, १७०७ आणि १७१४. मूळ कागद एक्स-आं-प्रोव्हान्सच्या जी-१ मालिकेत, खंड ४६६ मध्ये आहेत आणि ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरात त्यांचे मायक्रोफिल्म आहेत. सगळ्या सारख्या तपशिलाच्या नाहीत. १६७१ आणि १६८६ मध्ये बायकोचं माहेरचं आडनाव, मुलांची नावं, वयं, गुरं, जमीन असं सगळं आहे. १७०३ आणि १७०७ मध्ये कर्त्याचं नाव आणि पुढे नुसते आकडे. तिथे कुटुंब ओळखायचं तर आधीच्या शिरगणतीतली मुलं मोजून ताळा करावा लागतो.

१६७१ ची शिरगणती पाद्री लोरां मोलॅं याने केली. सुमारे ४०० माणसांची ही यादी वाचायला मजेशीर आहे, कारण लोकांना वाटलं हा करवसुलीचाच प्रकार. पिंपं बनवणारा पिएर लानू याने निरोप धाडला की तब्येत ठणठणीत आहे, वय सांगायचं नाही. एतिएन रोबिशो घरातून निघून गेला आणि गुरं किती हे सांगणार नाही, असं बायकोकडून कळवलं. पिएर मेलांसोंच्या बायकोने तर पाद्रीलाच वेड्यात काढलं. म्हणजे या यादीत नाव नसलं वा रकाना कोरा असला तर माणूस नव्हताच, असा अर्थ काढू नका.

यादीतलं एक घर जवळून पाहू. झाकोब बूर्ज्वा, धंद्याने शल्यवैद्य, वय ५०. बायको झान त्राहां, वय ४०. दहा मुलं, ३३ गुरं, २४ मेंढ्या. मुलांत मारी नावाच्या दोघी, एक १९ वर्षांची आणि एक ७ वर्षांची. झान नावाच्याही दोघी, २७ आणि ४ वर्षांच्या. एकाच घरात एकाच नावाच्या दोन बहिणी, दोघी जिवंत! "झाकोबची मुलगी मारी" एवढ्यावर पुढे गेलात तर पन्नास टक्के वेळा चुकाल. नवऱ्याचं नाव आणि वय दोन्ही जुळलं पाहिजे. आता वयाकडे पाहा: आई ४० ची, थोरली लेक २७ ची, म्हणजे तेराव्या वर्षी बाळंतपण. वयं अंदाजाने, बऱ्याचदा शून्यावर आणून सांगितलेली असतात. चार-पाच वर्षांची सूट नेहमी धरायची.

समुद्रापलीकडे

याच झानला धरून फ्रान्सपर्यंत जाता येतं. १६३६ च्या एप्रिलमध्ये ला रोशेलहून निघालेल्या सॅं-झां जहाजाची यादी शिल्लक आहे. तिच्यात फ्रान्समधल्या बूर्गय गावच्या लोकांमध्ये गियोम त्राहां आहे. धारेची अवजारं घडवणारा लोहार, सोबत बायको, दोन मुलं आणि एक गडी. मुलांची नावं लिहिलेली नाहीत. गियोमचं लग्न फ्रान्सवाज कोर्बिनोशी १६२७ मध्ये शिनोंच्या चर्चमध्ये झाल्याची नोंद आहे. हा गियोम १६७१ च्या शिरगणतीतही भेटतो: वय ६०, दुसरी बायको २५ वर्षांची आणि तीन लहान पोरं. ६० खरं मानलं तर १६२७ मध्ये नवरदेव सोळा वर्षांचा ठरतो, तेव्हा इथेही वयाकडे काणाडोळा करून लग्नाची नोंद खरी धरायची.

पुढचं फ्रान्समधलं काम जिल्हा दप्तरांच्या संकेतस्थळांवर होतं. गाव आणि चर्च माहीत असेल तरच तिकडे जा, नुसतं आडनाव घेऊन नको. त्याआधी मोंक्टन विद्यापीठाच्या अकेडियन अभ्यास केंद्राने १९९९ मध्ये काढलेला दोन खंडांचा वंशकोश पाहा. १६३६ ते १७१४ मधली कुटुंबं त्यात मूळ नोंदींच्या आधारासह दिली आहेत. मोठ्या ग्रंथालयांत तो मिळतो आणि कित्येक महिन्यांची उरस्फोड वाचवतो.

डीएनए चाचणीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाल्यामुळे दोन अकेडियन वंशजांत जितकं जवळचं नातं चाचणी दाखवते, त्याहून खरं नातं बहुतेक वेळा लांबचं निघतं. मूळनिवासी मिगमॉ पूर्वज असल्याचे दावेही फिरतात. काही घराण्यांत ते खरे आहेत, पण तिथेही लग्नाची वा बाप्तिस्म्याची नोंद मागायची.

त्राहांसारखा समुद्रापलीकडचा कागद मोजक्यांच्याच नशिबी येतो. बहुतेक घराण्यांची वाट १६७१ च्या यादीपाशी थांबते. दान्येल लब्लां हा सगळ्या अकेडियन लब्लांचा मूळपुरुष. त्याचं फ्रान्समधलं जन्मगाव इंटरनेटवरच्या अनेक वंशवृक्षांत ठणकावून दिलेलं असतं. त्याचा जन्म तिथे झाल्याचा कागद मात्र कुणीच दाखवत नाही. आपल्या वंशवृक्षात तो रकाना कोरा ठेवा.